तुझ्या टिपणात येशू कुठे आहे?

भुसावळ

चि. बाळास,

आईचे अनेक आशीर्वाद.

पुण्याच्या तरुण संघात 'ख्रिस्ती असणे म्हणजे काय' या विषयावर तुला बोलायला सांगितले आहे हे कळून आनंद झाला, आणि बोलण्याआधी टिपण मला तपासायला पाठवलेस याचा त्याहून अधिक झाला. फोनवर बारीक अक्षर वाचवत नाही म्हणून चौकातल्या दुकानातून ते छापून आणले. इतकी वर्षे मुलांच्या वह्या तपासलेल्या हाताला पेन्सिल आपोआपच लागते, त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घाच्या खुणा समासात केल्याच आहेत. त्या किरकोळ आहेत. भाषा स्वच्छ आहे. मिशनच्या शाळा, नवापूरकडच्या आदिवासी भागातील दवाखाने, पंडिता रमाबाईंचे कार्य, शेजाऱ्यावर प्रीती, क्षमा, व्यवहारातला प्रामाणिकपणा, या सर्वांबद्दल तू मनापासून लिहिले आहेस आणि त्यातले काहीही खोटे नाही. माझी हरकत निराळी आहे, आणि ती समासातल्या शेऱ्यात मावण्यासारखी नसल्यामुळे हे पत्र लिहीत आहे.

तुझ्या टिपणात येशूचे नाव आरंभी 'धर्माचा संस्थापक' म्हणून येते आणि शेवटी प्रार्थनेत 'येशूच्या नावाने, आमेन' असे येते. मधल्या सगळ्या मजकुरात तो कुठेच नाही. तू एक कर: ही दोन्ही नावे बोटाने झाक आणि टिपण पुन्हा वाच. एकही वाक्य कोसळत नाही. जे शिल्लक राहते ते एका सज्जन, सेवाभावी, सुशिक्षित समाजाचे वर्णन आहे, आणि तसे वर्णन तुझ्या खोलीत राहणारा हिंदू मित्र स्वतःच्या घराण्याबद्दल तितक्याच खरेपणाने लिहू शकेल. ज्या विश्वासाचे वर्णन ख्रिस्ताला वगळूनही पूर्ण होते, तो विश्वास प्रेषितांनी, म्हणजे येशूच्या पहिल्या साक्षीदारांनी, सांगितलेला नाही, एवढे मी शास्त्र वाचून निश्चित सांगू शकते.

तू म्हणशील की येशूची शिकवण तर मी दिलीच आहे, मग येशू आलाच की. इथेच नीट थांबून विचार करायला हवा. 'तू आपल्या शेजाऱ्यावर स्वतःसारखी प्रीती कर' हे वचन तू येशूच्या नावावर दिले आहेस, परंतु ते मुळात जुन्या करारातल्या, म्हणजे बायबलच्या येशूपूर्वीच्या भागातल्या, लेवीय या पुस्तकाच्या १९व्या अध्यायात आहे, आणि येशू ते तिथूनच उद्धृत करतो. जे आपल्याला नकोसे वाटते ते दुसऱ्याला करू नये, हे येशूच्या थोडे आधी होऊन गेलेल्या हिल्लेल नावाच्या यहूदी गुरूनेही सांगितले होते. क्षमा, दया, अपरिग्रह हे आपल्या संतांनी, बुद्धाने, महावीराने किती उत्कटतेने सांगितले आहे ते तुला मी सांगायला नको. मराठी शाळेत शिकलेल्या मुलाला ते ठाऊक असतेच. शिकवणीच्या नवेपणावर ख्रिस्ती विश्वास उभा करायला गेलास तर कोणीही अभ्यासू मनुष्य तुला चार प्रश्नांत निरुत्तर करील, आणि ते योग्यच होईल.

खरे पाहता येशूच्या शिकवणीत सर्वांत विलक्षण जर काही असेल, तर ते हे की ती शिकवणाऱ्यापासून वेगळी काढता येत नाही. जुन्या करारातले संदेष्टे 'परमेश्वर म्हणतो' असे म्हणून बोलत. डोंगरावरील प्रवचनात येशू म्हणतो, 'असे सांगितलेले तुम्ही ऐकले आहे, पण मी तुम्हांस सांगतो.' त्याच प्रवचनाच्या अखेरीस तो म्हणतो की त्या दिवशी, म्हणजे न्यायाच्या दिवशी, पुष्कळ जण मला 'प्रभू, प्रभू' म्हणतील, आणि कोण आत व कोण बाहेर हे तो स्वतः ठरवताना दिसतो. थकलेल्या माणसांना तो म्हणतो, 'माझ्याकडे या.' नियमांकडे किंवा एखाद्या साधनेकडे पाठवत नाही, स्वतःकडे बोलावतो. इतर कोणी असे बोलला असता तर आपण त्याला अहंकारी म्हटले असते, आणि तरीही हाच मनुष्य शिष्यांचे पाय धुतो. या दोन गोष्टी एकाच व्यक्तीत कशा बसतात, हा प्रश्न ज्याला पडला नाही त्याने शुभवर्तमान, म्हणजे मत्तय, मार्क, लूक व योहान यांनी लिहिलेला येशूचा वृत्तांत, अजून सावकाश वाचलेले नाही.

मार्कच्या दुसऱ्या अध्यायातली कफर्णहूमची घटना घे. चौघे जण पक्षाघाती मनुष्याला बाजेवर घालून आणतात, गर्दीमुळे दाराने जाता येत नाही म्हणून छप्पर उसकटून त्याला खाली सोडतात. रविवारच्या शाळेतल्या मुलांना छप्पर उसकटण्याचा भाग फार आवडतो आणि आम्ही शिक्षकही बहुधा तिथेच रेंगाळतो. परंतु घटनेचा कणा पुढे आहे. येशू त्या माणसाला पहिल्यांदा बरे करीत नाही. तो म्हणतो, 'मुला, तुझ्या पापांची क्षमा झाली आहे.' तिथे बसलेले शास्त्री मनातल्या मनात म्हणतात की हा दुर्भाषण (देवाची निंदा) करतो, देवावाचून पापांची क्षमा कोण करू शकतो? माझ्या मते त्या खोलीत येशूच्या बोलण्याचा अर्थ सर्वांत अचूक कळला तो त्या विरोधकांना. माझा कोणी अपराध केला असेल तर मी त्याला क्षमा करू शकते. दुसऱ्याने तिसऱ्याचा केलेला अपराध मी कोणत्या अधिकाराने पुसणार? तो अधिकार ज्याच्या विरुद्ध शेवटी प्रत्येक पाप घडते त्याचाच असतो. शास्त्र्यांनी प्रश्न बरोबर विचारला, आणि आजचा सुशिक्षित ख्रिस्ती तरुण तो प्रश्न न विचारताच 'येशू क्षमा शिकवतो' असे लिहून पुढे जातो.

शुभवर्तमानांची मांडणीही पाहा. मार्कचे अध्याय १६ आहेत आणि त्यांतले अकराव्यापासून पुढचे सगळे शेवटच्या आठवड्याला व पुनरुत्थानाच्या सकाळला दिलेले आहेत. योहानाने तर १३व्या अध्यायापासून १९व्यापर्यंत केवळ एक रात्र आणि दुसरा दिवस सांगितला आहे. एखाद्या थोर शिक्षकाचे चरित्र कोणी असे लिहीत नाही. त्याचे विचार, शिष्यपरंपरा, कार्य सांगून मृत्यूला एखादे प्रकरण देतात. आपण दर रविवारी म्हणतो तो प्रेषितांचा विश्वासांगीकार याहूनही पुढे जातो: 'कुमारी मरीयेपासून जन्मला' यानंतर लगेच 'पंतय पिलाताच्या वेळेस दुःख भोगले'. मधली शिकवण आणि चमत्कार यांचा उल्लेखही नाही. ते महत्त्वाचे नाहीत असे नव्हे, परंतु मंडळीने, म्हणजे ख्रिस्ती समुदायाने, ज्याच्यावर विश्वास ठेवला ती एक व्यक्ती आहे आणि तिच्या बाबतीत जे घडले त्यात आपले तारण, म्हणजे पापातून सुटका, आहे, हे त्या ओळींना सांगायचे आहे. (लहानपणी तू विचारले होतेस की त्या दुष्ट पिलाताचे नाव देवळात का घ्यायचे. तो सन २६ ते ३६ या काळात यहूदीयाचा रोमी सुभेदार होता. त्याचे नाव तिथे काळाची खूण म्हणून आहे. टॅसिटस नावाच्या रोमी इतिहासकाराला ख्रिस्ती लोकांबद्दल मुळीच प्रेम नव्हते, तरी तिबेरियसच्या राज्यात पिलाताने ख्रिस्ताला देहदंड दिला असे त्यानेही नोंदवले आहे.)

पुण्यात तुला कोणीतरी हमखास सांगेल की येशू हा साधा गुरू होता आणि निकया येथे भरलेल्या बिशपांच्या परिषदेने ३२५ साली मतदान घेऊन त्याला देव केले. हे ऐकायला चटकदार आहे, म्हणूनच टिकून आहे. प्रेषित पौलाची पत्रे येशू वधस्तंभावर (क्रुसावर) मेल्यानंतर साधारण २० ते ३० वर्षांत लिहिलेली आहेत, म्हणजे येशूला प्रत्यक्ष पाहिलेली माणसे हयात असताना. फिलिप्पैकरांस पत्राच्या दुसऱ्या अध्यायात पौल म्हणतो की येशूच्या नावाने प्रत्येक गुडघा टेकेल. आणि यशयाच्या ४५व्या अध्यायात तेच शब्द परमेश्वर स्वतःविषयी, माझ्याशिवाय दुसरा देव नाही असे बजावून, उच्चारतो. ज्या यहूद्यांच्या ओठांवर रोज 'परमेश्वर एकच आहे' ही कबुली होती, त्यांनी हे शब्द एका वधस्तंभावर मेलेल्या सुताराला लावले. त्यांना एकेश्वरवाद सोडायचा नव्हता, आणि येशूविषयी जे कळले होते तेही नाकारता येत नव्हते. निकयात पुढे जो वाद झाला तो याच कबुलीचा अर्थ नीट लावण्याचा होता. एरियस नावाच्या धर्मगुरूचे म्हणणे असे की पुत्र, म्हणजे येशू, हा सर्व सृष्टीत श्रेष्ठ खरा, पण निर्माण केलेला; परिषदेने सांगितले की तो पित्याशी एकतत्त्व आहे. या गोष्टीला २०२५ साली १७०० वर्षे पूर्ण झाली. पुढे ४५१ साली खल्किदोन येथील परिषदेत तो खरा देव आणि खरा मनुष्य आहे हेही स्पष्ट शब्दांत मांडले गेले.

हा वाद पंडितांचा आहे असे समजू नकोस. एरियसचे खरे मानले तर वधस्तंभावर देव आलाच नाही, त्याने दुसऱ्या कोणाला तरी पाठवले, आणि आपल्या दुःखापासून तो स्वतः दूरच राहिला, असा अर्थ होतो. मग 'देव प्रीती आहे' हे वाक्य कशाच्या आधारावर म्हणायचे? तुझे वडील गेले त्या आठवड्यात पुष्कळ लोक घरी आले आणि चांगले चांगले बोलले. कोणाचे शब्द आज आठवत नाहीत. धरला जाण्याआधी गेथशेमाने बागेत ज्याचा जीव मरणप्राय कष्टी झाला होता, आणि मित्र लाजराच्या कबरेपाशी जो रडला होता, तो देव आहे, एवढी एक गोष्ट मला त्या दिवसांत धरून होती. शिकवण म्हणून ती मला आधीही पाठ होती.

सुमारे ११२ साली बिथुनिया या रोमी प्रांताचा सुभेदार प्लिनी याने सम्राट त्रायानाला पत्र लिहून विचारले होते की या ख्रिस्ती लोकांचे काय करावे. त्या पत्रात तो सांगतो की हे लोक ठरलेल्या दिवशी पहाटेपूर्वी जमतात आणि ख्रिस्ताला देव मानून त्याचे स्तोत्र गातात, चोरी, व्यभिचार, विश्वासघात न करण्याची शपथ घेतात. त्यांची परीक्षा तो कशी घेतो हे मला फार बोलके वाटते. तो त्यांना चोरी करायला सांगत नाही, क्षमा करणे सोडा असेही म्हणत नाही. देवांच्या व सम्राटाच्या प्रतिमेपुढे धूप जाळा आणि ख्रिस्ताला शाप द्या, एवढेच तो मागतो, आणि लिहितो की जे खरे ख्रिस्ती आहेत त्यांच्याकडून हे कशानेही करवून घेता येत नाही असे म्हणतात. स्मुर्णा येथील वृद्ध बिशप पॉलिकार्प यालाही, दुसऱ्या शतकाच्या मध्याला, हेच सांगण्यात आले: ख्रिस्ताची निंदा कर, सोडून देतो. ८६ वर्षे मी त्याची सेवा केली आणि त्याने माझे काहीही वाईट केले नाही, माझ्या राजाची निंदा कशी करू, असे त्याने उत्तर दिल्याचे त्याच्या मंडळीने लिहून ठेवले. तुझे टिपण हाती घेऊन तो सुभेदार आला असता तर त्याला कोणाला शिक्षा करायचे कारणच सापडले नसते, हे मी जरा कठोरपणे लिहीत आहे, पण लिहिल्यावाचून राहवत नाही.

आता आपल्या घराशेजारचे उदाहरण सांगते. पलीकडच्या गल्लीतल्या ज्या काकू दरवर्षी मुक्ताईनगरहून निघणाऱ्या मुक्ताबाईच्या पालखीबरोबर पंढरपूरला पायी जातात, त्यांना मी एकदा विचारले होते की एवढे चालून तुम्हांला काय मिळते. त्यांना प्रश्नच कळला नाही. विठोबाकडून काही मिळवायला त्या जात नाहीत, त्याच्याकडे जातात. माझा विश्वास त्यांच्याहून वेगळा आहे हे त्यांनाही माहीत आहे, पण मी जेव्हा म्हणाले की आमचेही तसेच, आम्हांला येशूचे विचार आवडतात एवढ्यावर आमचे भागत नाही, आम्हांला येशू हवा, तेव्हा त्यांनी लगेच मान हलवली. महाविद्यालयात शिकवणाऱ्या एका ओळखीच्या गृहस्थांना हीच गोष्ट समजावताना माझी दमछाक झाली होती. नारायण वामन टिळक १८९५ साली बाप्तिस्मा घेऊन ख्रिस्ती झाले. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताच्या पायांपाशी आलो असे ते म्हणत, आणि त्यातले तथ्य मला काकूंमुळे कळले. भक्तीला व्यक्ती लागते हे महाराष्ट्राला मुळातच माहीत आहे. आपल्या मंडळ्यांनी ते विसरून, शाळा-दवाखान्यांच्या अहवालासारखा आपला धर्म लोकांपुढे मांडावा, हे मला विपरीत वाटते. अर्थात साम्य आहे म्हणून भेद पुसायचा नाही: आपली कबुली अशी आहे की शब्द, म्हणजे देव स्वतः, देही झाला, तो एका ठरावीक काळी, एका ठरावीक प्रांतात, आणि अपराध्याच्या मरणापर्यंत उतरला. हे ऐकून काकू गप्प बसतात, आणि मीही त्यांच्याशी वाद घालीत नाही.

पंडिता रमाबाईंविषयी तू जे लिहिले आहेस त्यात मात्र मोठी उणीव आहे. तू त्यांना समाजसुधारक म्हणून उभे केले आहेस, त्या होत्याच. पण त्यांनी स्वतः १९०७ साली आपल्या जीवनाची जी साक्ष लिहिली तीत निराळेच सांगितले आहे. त्यांचा बाप्तिस्मा १८८३ साली इंग्लंडमध्ये झाला. त्या वेळी त्यांना संस्कृत शास्त्रे मुखोद्गत होती, ख्रिस्ती धर्माची तत्त्वे पटलेली होती, स्त्रियांना त्या धर्मात मिळणारी वागणूक त्यांनी पाहिली होती. आणि तरीही त्या लिहितात की आपल्याला ख्रिस्ताचा धर्म सापडला होता, धर्माचा प्राण असलेला ख्रिस्त सापडला नव्हता. बाप्तिस्म्यानंतर सुमारे ८ वर्षांनी त्यांना उमगले की आपल्याला हवा आहे तो ख्रिस्त, नुसता त्याचा धर्म नव्हे. भारतातल्या एका अत्यंत बुद्धिमान स्त्रीने हे स्वतःविषयी लिहिले आहे, तेव्हा आपल्यासारख्या जन्माने मंडळीत वाढलेल्यांनी ते दोनदा वाचावे. १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतात जाऊन त्यांनी शेकडो निराधार मुली आणल्या, केडगावचे मुक्ती मिशन उभे केले, आणि उतारवयात हिब्रू व ग्रीक भाषांवरून शास्त्राचे मराठी भाषांतर करण्यासाठी १९२२ साली मरण येईपर्यंत कष्ट घेतले, ते सगळे या उमगण्यानंतरचे आहे. तू परिणाम सांगितलास आणि कारण गाळलेस.

याच्या उलट टोकाची चूक आपल्या खानदेशात अधिक दिसते आणि तिच्याबद्दलही तुला लिहायला हवे, कारण तुझ्या संघात इकडून गेलेली मुले आहेत. येशूचे नाव आपल्याकडे पुष्कळ घेतले जाते, पण कशासाठी? आजार बरा व्हावा, नोकरी लागावी, कर्ज फिटावे, परीक्षेत यश मिळावे. सातपुड्याच्या पायथ्याच्या गावांत दवाखाना दूर असतो, भगताकडे आणि डॉक्टरकडे जाऊन पैसे संपलेले असतात, अशा वेळी कोणी प्रार्थना करून घेण्यासाठी येतो, त्याला मी कधीही कमी लेखणार नाही. शुभवर्तमानातही बहुतेक माणसे अशीच आली. परंतु योहानाचा ६वा अध्याय वाच. येशूने पाच हजारांना जेवू घातले, दुसऱ्या दिवशी लोक त्याला शोधत कफर्णहूमला आले, आणि तो त्यांना म्हणाला की तुम्ही भाकरी खाऊन तृप्त झालात म्हणून माझा शोध करता. मग तो स्वतःला जीवनाची भाकर म्हणवतो, आणि तिथून गर्दी पातळ होऊ लागते. भाकर देणारा त्यांना हवा होता. तोच भाकर आहे हे त्यांना पचेना. 'तुम्हीही जाता काय?' असे त्याने आपल्या बारा शिष्यांना विचारल्यावर त्यांच्यातला पेत्र म्हणतो, 'प्रभूजी, आम्ही कोणाकडे जाणार?' या उत्तरात विजयाचा सूर नाही, मला त्यात अडचणीत सापडलेल्या माणसाचा प्रामाणिकपणा दिसतो, आणि म्हणूनच ते मला आवडते.

चंगाईच्या, म्हणजे प्रार्थनेने आजार बरे करण्याच्या, मोठ्या सभांचे फलक हल्ली सगळीकडे लागतात. कोणाचे नाव घेऊन टीका करायची नाही, पण ज्या सभेत येशू हा आपल्या इच्छा पूर्ण करून घेण्याचा मार्ग होतो आणि तुझ्या टिपणात जसा तो आपल्या मूल्यांचा संस्थापक होतो, त्या दोन्ही ठिकाणी एकच गोष्ट घडलेली असते: त्याचा उपयोग होतो आणि तो स्वतः बाजूला पडतो.

तुझ्या टिपणातले एक वाक्य मात्र फार महत्त्वाचे आहे, 'येशूने दिलेली मूल्ये घेऊन आपण आपापल्या क्षेत्रात वाढावे.' त्यावर मी मोठी फुली मारली आहे. तू रावेर-यावलकडच्या केळीच्या बागा पाहात वाढलास. केळीच्या बुंध्याशी मुनवा फुटतो, तो कंदासकट खणून वेगळा काढतात, दुसऱ्या शेतात लावतात, आणि पाणी मिळाले की तो मूळ झाडाशिवाय वाढतो, त्याला स्वतःचा घड लागतो. तू ख्रिस्ती माणसाची कल्पना अशी केली आहेस. योहानाच्या १५व्या अध्यायात येशू वेलाचे उदाहरण देतो ते नेमके याच्या उलट आहे: 'मीच वेल आहे, तुम्ही फाटे आहात; माझ्यापासून वेगळे असल्यास तुम्हांला काही करता येत नाही.' वेलापासून तोडलेला फाटा थोडे दिवस हिरवा दिसतो, इतकेच. पुढच्या ओळींत तो 'माझ्यामध्ये राहा' हे पुनःपुन्हा सांगतो, जणू शिष्य हे विसरणार हे त्याला त्या रात्रीच माहीत होते.

ख्रिस्तात राहणे म्हणजे काय, असे तू विचारशील, आणि याचे उत्तर गूढ भाषेत द्यायची मला सवय नाही. मंडळीला जे नेमून दिले आहे त्यातूनच ते समजते. बाप्तिस्मा घेताना आपण एखाद्या मताचे सभासद होत नाही. रोमकरांस पत्राचा ६वा अध्याय म्हणतो की आपण त्याच्या मरणात बाप्तिस्मा घेतो. प्रभुभोजनात, म्हणजे भाकर व द्राक्षारसाच्या विधीत, 'माझ्या स्मरणार्थ हे करा' असे तो म्हणतो, आणि जे हातात देतो ते त्याचे शरीर म्हणून देतो. रविवारी आपण जमतो, कारण त्या दिवशी तो उठला. तो उठला नसेल तर तुमचा विश्वास व्यर्थ आहे हे पौलाने करिंथकरांना इतक्या रोखठोक शब्दांत सांगितले आहे की त्याला पळवाट नाही. मग रोजच्या दिवसात त्याच्याशी बोलणे, शुभवर्तमान वाचणे, एखादा निर्णय घेताना 'हे योग्य आहे का' याच्या आधी 'हे त्याच्याबरोबर राहून मला करता येईल का' असे विचारणे, हे सगळे ओघाने येते. 'येशूच्या नावाने' हे प्रार्थनेच्या शेवटी मारायचे शिक्के नव्हे. त्याच्याशिवाय पित्याकडे जाण्याची माझी काही लायकी नाही, ही त्यात कबुली असते.

सेवेचे प्रकरण यामुळे गळून पडत नाही, उलट त्याला पाया मिळतो. मत्तयाच्या २५व्या अध्यायात न्यायाला बसलेला राजा, म्हणजे ख्रिस्त, म्हणतो की या माझ्या अगदी लहान बंधूंपैकी एकाला तुम्ही जे केले ते मला केले. 'मला' हा शब्द तिथून काढून पाहा. जातीच्या प्रश्नाचेही तसेच: यहूदी व हेल्लेणी (ग्रीक), दास व स्वतंत्र, पुरुष व स्त्री हा भेद नाही, कारण तुम्ही सर्व ख्रिस्त येशूमध्ये एक आहात, असे गलतीकरांस पत्र सांगते. कारण गाळून नुसता निष्कर्ष घेतला की काय होते ते आपल्या मंडळ्यांतली सोयरिकीची बोलणी ऐकून तुला कळलेच असेल. मी अमुक मिशनचा आणि तू तमुक मिशनचा, हा अभिमान तर करिंथातही होता. 'ख्रिस्ताचे विभाग झाले आहेत काय?' या पौलाच्या प्रश्नाला भुसावळसारख्या गावात, जिथे रेल्वेमुळे निरनिराळ्या प्रांतांचे ख्रिस्ती लोक शेजारी शेजारी येऊन राहिले, वेगळीच धार येते.

ख्रिस्त एकमेव तारणारा आहे हे बोलताना तुला संकोच वाटतो, असे तू मागच्या वेळी म्हणाला होतास. संकोच वाटणे वाईट नाही. जो शिष्यांचे पाय धुतो त्याच्याविषयी दुसऱ्याला हिणवून बोलता येत नाही; पेत्रही म्हणतो की आशेचे कारण विचारणाऱ्याला सौम्यतेने व आदराने उत्तर द्या. पण सौम्यतेने द्यायचे ते उत्तरच असावे. 'सगळे सारखेच' असे म्हणून तू मित्राचा मान राखत नाहीस, त्याचा प्रश्न टाळतोस.

आता टिपणाचे काय करायचे ते सांगते. सगळे फाडू नकोस. मार्कच्या ८व्या अध्यायापासून आरंभ कर: फिलिप्पाच्या कैसरीयाकडच्या वाटेवर येशू आधी विचारतो की लोक मला कोण म्हणतात, शिष्य ऐकीव उत्तरे देतात, बाप्तिस्मा करणारा योहान, एलीया, संदेष्ट्यांपैकी एक, मग तो विचारतो, 'पण तुम्ही मला कोण म्हणता?' तुझा आताचा मजकूर पहिल्या प्रश्नाचे उत्तर आहे. दुसऱ्या प्रश्नाचे तुझे उत्तर मला त्यात वाचायचे आहे, आणि ते माझ्या पत्रातून उतरवलेले नको. पेत्राने बरोबर उत्तर दिले आणि लगेच पुढच्या ओळींत वधस्तंभाला विरोध केला म्हणून बोलणी खाल्ली, हेही वगळू नकोस. तरुणांना त्याचा उपयोग होईल. रमाबाईंचा परिच्छेद वर सांगितल्याप्रमाणे पुन्हा लिही. शाळा-दवाखान्यांचा मजकूर निम्म्यावर आण आणि शेवटाकडे ने. तिसऱ्या पानावरची आकडेवारी कुठून घेतली आहेस ते कळत नाही. खात्री नसेल तर काढून टाक.

बोलायला वीस मिनिटे दिली असतील तर पंधरात संपव. नवा मसुदा रविवारच्या आत पाठव, म्हणजे सोमवारी मी परत करीन. मंगळवारपासून महिला मंडळाबरोबर नवापूरकडे जायचे आहे आणि तिथे फोन नीट लागत नाही. येताना उपासना संगीताची नवी प्रत मिळाली तर आण, आपली फाटली आहे.

तुझी,
आई